घसरड्या बर्फावरची पैज

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे २००२ साली झालेल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची हजार मीटरची अंतिम शर्यत पाच जणांत होती. शेवटच्या वळणापर्यंत ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सर्वांत मागे होता आणि पुढच्या चौघांपासून त्याचे अंतर चांगलेच पडले होते. मग त्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांत अडकून बर्फावर आडवे झाले. ब्रॅडबरी तेवढा उभा राहिला, आरामात अंतिम रेषा ओलांडून गेला आणि सुवर्णपदक त्याचे झाले. दक्षिण गोलार्धातील देशाला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्ण. त्याआधीच्या फेऱ्यांतही तो असाच, कुणी पडल्यामुळे तर कुणी बाद ठरल्यामुळे, पुढे सरकला होता. मागे राहायचे आणि पुढच्यांच्या पडण्याची वाट पाहायची हे त्याने ठरवूनच केले होते, हे त्यानेच नंतर सांगितले.

ही गोष्ट पैज लावणारे आणि न लावणारे दोघेही सांगतात, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. एक म्हणतो, बर्फावर कशाचाच भरवसा नाही, पैसे कशाला लावायचे? दुसरा म्हणतो, भरवसा नाही म्हणूनच तर भाव चांगला मिळतो. युरोप, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये हिवाळी खेळांवर पैज लावणे कायदेशीर आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात स्कीइंग, बायथलॉन, स्की जंपिंग, आइस हॉकी यांचे सामने जवळजवळ रोज असतात. तेथे राहणाऱ्या मराठी घरांतील तरुण मुलांच्या मोबाइलवरही ही ॲप सर्रास असतात. तेथील जाहिरातींत आणि ॲपच्या तळाशी ‘जबाबदारीने खेळा’ अशी एक ओळ ठरलेली असते. जबाबदारीने म्हणजे नेमके कसे, याचे उत्तर त्या ओळीत नसते. ते थोडे गणितात आणि बरेचसे मेंदूच्या अभ्यासात सापडते.

आधी गणित. बायथलॉन हा खेळ नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स येथे हिवाळ्यात दूरचित्रवाणीवर प्रचंड पाहिला जातो. खेळाडू पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून स्कीने धावतो, मध्ये थांबून ५० मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर नेम धरतो आणि पुन्हा धावतो. झोपून नेम धरायचा असेल तेव्हा लक्ष्य साडेचार सेंटिमीटरचे असते, उभे राहून धरायचा तेव्हा साडेअकरा सेंटिमीटरचे. बहुतेक शर्यतींत नेम चुकला की १५० मीटरची एक जादा फेरी मारावी लागते. आता समजा, एखादी खेळाडू दहापैकी नऊ नेम बरोबर लावते. ऐकायला हे अचूक वाटते. पण सलग पाचही नेम लागण्याची तिची शक्यता शंभरात ५९ इतकीच आहे. आणि पूर्ण शर्यतीतले वीसच्या वीस नेम लागण्याची शक्यता आहे शंभरात फक्त १२. प्रेक्षक मनात ‘नव्वद टक्के’ धरून बसलेला असतो, म्हणून तिचा नेम चुकला की त्याला ‘आज तिचा दिवस नव्हता’ असे वाटते. प्रत्यक्षात तो दिवस अगदी नेहमीसारखाच असतो.

स्की जंपिंगमध्ये तर वारा हा एक वेगळाच खेळाडू. समोरून येणारा वारा उडी मारणाऱ्याला उचलून धरतो, पाठीमागचा खाली दाबतो. एकाची उडी आणि दुसऱ्याची उडी यांच्या मध्ये दोन मिनिटांत वारा फिरू शकतो. तो अन्याय दूर करण्यासाठी गेल्या दीड दशकापासून गुणांमध्ये वाऱ्याची वजाबाकी-बेरीज केली जाते, तरीही तो पूर्ण दूर होतो असे कुणी म्हणत नाही. उतारावरच्या स्कीइंगची कथा अशीच. अमेरिकेची मिकेला शिफ्रिन ही या खेळातील सर्वकालीन श्रेष्ठांपैकी एक. पण २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिच्या हातखंड्याच्या स्लालम आणि जायंट स्लालम या दोन्ही शर्यतींत ती सुरुवातीच्या काही सेकंदांतच बाद झाली आणि एकही पदक न घेता परतली.

खेळ बेभरवशाचा असला तरी पैज घेणाऱ्या कंपनीचा धंदा मात्र बेभरवशाचा नसतो. युरोपात भाव दशांशात सांगतात. समजा, कर्लिंगच्या सामन्यात दोन्ही संघ तोडीस तोड आहेत. मग खरा भाव दोन असायला हवा, म्हणजे शंभर लावले आणि जिंकले तर दोनशे परत. कंपनी देते १.९०. कुणी दोन्ही संघांवर शंभर-शंभर लावले तर त्याच्या खिशातून दोनशे जातात आणि सामना कुणीही जिंको, १९० परत येतात. मधले दहा कंपनीचे. म्हणजे लावलेल्या दर शंभरामागे सरासरी पाच जातात. तीस-चाळीस खेळाडूंमधून विजेता निवडायचा असेल तर ही कपात साधारणपणे याहून मोठी असते. चार सामने एकत्र गुंफून एकच मोठी पैज लावण्याचा जो प्रकार ॲपवर ठळक अक्षरांत दिसतो, त्यात चारही वेळची कपात एकावर एक चढते. शंभरामागे सरासरी साडेअठरा जातात. जाहिरातीत नेमका हाच प्रकार पुढे का असतो, हे वेगळे सांगायला नको.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की ‘मी खेळ जाणतो, मला हे लागू नाही.’ काही थोड्या लोकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण सातत्याने जिंकणाऱ्याची रक्कम मर्यादित करण्याची, म्हणजे त्याला मोठी पैजच न लावू देण्याची प्रथा या धंद्यात आहे. शिवाय घरी बसून पाहणाऱ्याला दिसणारे चित्र प्रत्यक्ष मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते, आणि कंपनीकडे वेळमोजणीची माहिती थेट येत असते.

मेंदूला काय आवडते

इथपर्यंतचे गणित दहावीच्या मुलालाही कळेल. तरीही शहाणीसुरती माणसे हरत राहतात, याचे कारण मेंदूत आहे. वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांना फळांच्या रसाचे थेंब देऊन डोपामिन या रसायनाचा स्राव करणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. १९९७ साली त्याने सहकाऱ्यांसह जे मांडले, त्याचा सारांश असा: या पेशी बक्षिसाला नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरकाला प्रतिसाद देतात. ठरलेला रस ठरलेल्या वेळी आला तर त्या शांत राहतात. अनपेक्षित आला तर उसळतात. यायचा होता आणि आला नाही, तर मंदावतात. पुढे २००३ मध्ये याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. रस मिळेल की नाही याची वाट पाहत असताना या पेशींची धग हळूहळू वाढत जाते, आणि शक्यता बरोबर निम्मी-निम्मी असेल तेव्हा ती सर्वाधिक असते.

म्हणजे पैजेची गोडी जिंकण्यापेक्षा वाट पाहण्यात अधिक आहे. बायथलॉनची खेळाडू शेवटच्या लक्ष्यावर नेम धरून श्वास रोखते तेव्हा पाहणाऱ्याचाही श्वास रोखला जातो. पैसे लागलेले नसतानाही हे होते, तेच तर खेळाचे सुख. पैसे लागले की त्या क्षणाला धार येते, आणि मेंदू ती धार लक्षात ठेवतो.

दुसरी गोष्ट ‘थोडक्यात हुकले’ याची. केंब्रिज विद्यापीठात ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून यंत्रावरचा साधा जुगार खेळायला दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की चित्र एका घराने हुकले की लोकांना वाईट वाटते, पण पुन्हा खेळण्याची इच्छा मात्र वाढते. मेंदूतील जे भाग जिंकल्यावर उजळतात, त्यांतील काही या हुकण्यानेही उजळतात. आणि खरी मेख पुढे आहे. चित्र स्वतः निवडलेले असेल तेव्हाच ही इच्छा वाढत होती, संगणकाने निवडून दिले असेल तर नाही. आपण निवडले म्हणजे आपल्या हातात काहीतरी होते, ही समजूत एवढी चिवट आहे.

हिवाळी खेळ हे ‘थोडक्यात हुकण्या’चे आगर आहे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या सुपर-जी शर्यतीत ऑस्ट्रियाची आना फाइथ जिंकली असे सगळे धरून चालले होते. मागून आली चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेदेत्स्का, जी तोवर मुख्यतः स्नोबोर्डिंगसाठी ओळखली जात होती. तिने एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण नेले. फाइथवर पैसे लावणाऱ्याचा अंदाज शंभरांश सेकंदाने चुकला, असे त्याला वाटणार. पैशाच्या दृष्टीने मात्र तो शंभरांश सेकंदाने हरला काय आणि दहा सेकंदांनी हरला काय, खाते सारखेच रिकामे होते.

एक पैज, तीन महिने

अलास्कात निनाना नावाचे छोटे गाव आहे. तेथे तनाना नदी हिवाळ्यात गोठते. १९१७ साली रेल्वेच्या कामावर आलेल्या इंजिनिअरांनी वेळ घालवण्यासाठी नदीचा बर्फ नेमका कधी फुटेल यावर आठशे डॉलरची पैज लावली. ती प्रथा आजही चालू आहे. बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करतात, त्याला दोर बांधून काठावरच्या घड्याळाशी जोडतात. बर्फ हलला, तिकाटणे सरकले की घड्याळ थांबते. ज्याने तारीख, तास आणि मिनिट अचूक सांगितले तो जिंकला. तिकिटांच्या पैशांतून गावातील सामाजिक कामांनाही मदत होते. गंमत अशी, की शंभराहून अधिक वर्षांची ही काटेकोर नोंद हवामानशास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडली. २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या नोंदींवर लेख आला, त्यात बर्फ फुटण्याचा दिवस १९१७ च्या तुलनेत सुमारे साडेपाच दिवसांनी अलीकडे आल्याचे दाखवले होते. २०१९ मध्ये तर तो १४ एप्रिललाच फुटला, सर्व नोंदींत सर्वांत लवकर.

निनानाच्या पैजेत कुणाचे घर बुडाल्याचे सहसा ऐकू येत नाही. याचे कारण तिचा वेग. तिकीट फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचे, निकाल एप्रिल-मेमध्ये. हरलेले लगेच वसूल करायला दुसरी नदी नाही. जुगाराच्या हानीचा अभ्यास करणारे ज्या गोष्टीवर सर्वाधिक बोट ठेवतात ती हीच: पैज लावणे, निकाल लागणे आणि पुढची पैज लावणे यांमधले अंतर. मुंबईच्या मटक्याने किती संसार उद्ध्वस्त केले हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण मटक्याचा आकडाही दिवसातून दोनदाच फुटत असे. आजच्या ॲपवर सामना चालू असतानाच पैज लावता येते. पुढचा गोल कोण करणार, हा टप्पा कोण जिंकणार, असे प्रश्न एका संध्याकाळी डझनावारी येतात. आठवड्यातून एकदा शंभर लावणाऱ्याचे सरासरी पाच जातात. चालू सामन्यात एका रात्रीत चाळीस वेळा शंभर लावणाऱ्याचे सरासरी दोनशे जातात. भाव तोच, फक्त वेग बदलला. शिवाय रात्री उशिरा, दोन ग्लास बिअर पोटात असताना लावलेली एकतिसावी पैज पहिल्या पैजेइतक्या विचाराने लावलेली नसते.

वेगातूनच ‘गेलेले परत काढायचे’ ही खोड लागते. हरल्यावर रक्कम वाढवत नेणे हे जुगाराच्या व्यसनाचे फार जुने आणि भरवशाचे लक्षण आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली डीएसएम-५ या आपल्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात नेऊन ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो व्यसनाधीनतेच्या विकारांत आहे. शरीरात कोणताही पदार्थ न जाता जडणारे हे व्यसन आहे, त्यामुळे तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत आणि घरच्यांना ते सर्वांत शेवटी कळते.

आकडे लहान नाहीत. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’च्या आयोगाने २०२४ मध्ये जगभरातील सुमारे आठ कोटी प्रौढांना जुगाराचा विकार किंवा गंभीर त्रास असल्याचा अंदाज दिला. स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ साली झालेल्या अभ्यासात, जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या १५ पट आढळले. उपचारापर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे त्रास बराच वाढलेल्या लोकांचा हा आकडा आहे, हे खरे. तरीही कर्ज आणि लपवाछपवी एकत्र आली की ती जिवावर बेतू शकते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

एक गोष्ट पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरात माहीत असायला हवी, ती भारतातही. या आजारात दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेले आजोबा लॉटरीची तिकिटे आणू लागले तर तो स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगितले की मात्रा बदलता येते. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

जबाबदारी कुणाची?

‘जबाबदारीने खेळा’ या शब्दांवर सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त वाटतो. वेगवान ॲप बनवायचे, रात्री दोन वाजता सवलतीचा संदेश पाठवायचा आणि जबाबदारी मात्र हरणाऱ्याच्या गळ्यात घालायची, हा न्याय एकतर्फी आहे. हिवाळी खेळांची मातृभूमी मानल्या जाणाऱ्या नॉर्वेने वेगळा रस्ता घेतला. १ जुलै २००७ पासून तेथील दुकाने, हॉटेले, स्थानके यांतील जुगाराची यंत्रे उचलण्यात आली. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन घटले, आणि सगळे जुगारी दुसरीकडे वळतील ही भीतीही मोठ्या प्रमाणात खरी ठरली नाही. खेळांवरच्या पैजा तेथे सरकारी मालकीच्या नॉर्स्क टिपिंगकडेच आहेत, नोंदणीशिवाय खेळता येत नाही, आणि महिन्याला २० हजार क्रोनरपेक्षा अधिक हरता येत नाही. ही मर्यादा फारच सैल आहे अशी टीका होते, पण मर्यादा आहे. स्वीडनने २०१९ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने दिले, त्याबरोबर ‘स्पेलपाउस’ ही सोय केली. तेथे एकदा नाव नोंदवले की देशातील सर्व परवानाधारक ठिकाणी त्या माणसाला ठरलेल्या मुदतीसाठी दार बंद. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी घातली, म्हणजे निदान उधारीच्या पैशाने पैज लागणार नाही.

व्यक्तीसाठी सर्वांत स्पष्ट मोजमाप कॅनडातून आले आहे. आठ देशांतील माहिती तपासून तेथील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये तीन मर्यादा सुचवल्या. महिन्याला घराच्या करपूर्व उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षा अधिक नाही. महिन्यातून चार दिवसांपेक्षा अधिक नाही. आणि दोनपेक्षा अधिक प्रकारचे जुगार नियमित खेळायचे नाहीत. महिन्याला पाच हजार डॉलर मिळवणाऱ्या घरासाठी याचा अर्थ पन्नास डॉलर, तेही सगळे जुगार धरून. दारूचे किंवा इतर व्यसन असलेल्यांनी, नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेल्यांनी, घरात जुगाराचा इतिहास असलेल्यांनी याहून कमी, शक्यतो शून्य, असेही तेथे म्हटले आहे. ‘थोडेसे’, ‘मजेपुरते’ असल्या सैल शब्दांपेक्षा हे आकडे बरे. आकडा मोडला की मोडल्याचे कळते तरी.

व्यवहारात याचा अर्थ असा होतो, की पैज शर्यत सुरू होण्याआधी लावायची आणि मग मोबाइल बाजूला ठेवून शर्यत पाहायची. ॲपवर मर्यादा घालायची ती सकाळी, शांत डोक्याने. ती कमी करता येते लगेच, वाढवायला चांगल्या व्यवस्थेत थांबावे लागते. हरलेला पैसा हा नाटकाच्या तिकिटासारखा गेलेला मानता येत नसेल, तर ती पैज आपल्या ऐपतीची नव्हती. कर्ज काढून, हातउसने घेऊन किंवा घरच्यांपासून लपवून लावलेल्या पैजेला कोणतीही मर्यादा जबाबदार बनवत नाही.

भारतातील वाचकासाठी मुद्दा थोडा वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या पैशाच्या व्यवहारांवर बंदी आली. तरीही परदेशातून चालणारी ॲप टेलिग्रामवरून, मित्रांकडून मोबाइलपर्यंत पोहोचतात. अशा ठिकाणी नॉर्वेची मर्यादा नाही, स्वीडनचे बंद दार नाही आणि जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर तक्रार करायला जागाही नाही. तेथे जबाबदारीने खेळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा विकार बरा होतो, हे मात्र लोकांना फारसे ठाऊक नसते. विचार आणि सवयींवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत यात सर्वाधिक वापरली जाते. ‘चार वेळा हरलो म्हणजे आता जिंकणारच’ यासारखे विचार पकडायला आणि ओढ लागल्यावरची पहिली वीस मिनिटे काढायला रुग्ण शिकतो. काहींना नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही दिले जाते. घरच्यांकडून एक चूक वारंवार होते. मुलगा रडत येतो, आई-वडील दागिने मोडून कर्ज फेडतात, आणि ‘पुन्हा करणार नाही’ या शब्दावर प्रकरण मिटवतात. गुपचूप फेडलेले कर्ज बहुधा नव्या पैजेचे भांडवल ठरते. त्यापेक्षा उपचार सुरू असेपर्यंत पगाराचे खाते, यूपीआय आणि कार्डे विश्वासातील दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावीत, कर्जाची पूर्ण यादी कागदावर मांडावी आणि देणेकऱ्यांशी उघडपणे हप्ते ठरवावेत, असा सल्ला तज्ज्ञ देतात. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीतून बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत. व्यसनी माणूस स्वतः तयार नसेल, तर त्याची बायको, भाऊ किंवा वडील यांनीही फोन केला तरी चालतो.